उजव्या कोपऱ्यातला ठिपका

ऑफिसात तिला सगळे ठिपकेबाई म्हणत, आणि पाठीमागे नाही, तोंडावर म्हणत. त्यामुळे त्या नावाचं वाईट वाटून घ्यायची सोयच राहिली नव्हती. शिक्षण खात्यात तिचं काम ठरलेलं होतं. दरवर्षी सगळ्या स्थानिक शिक्षण मंडळांचे आकडे यायचे आणि ती त्यांचं एक चित्र काढायची. आडव्या रेघेवर एका मुलामागे होणारा खर्च, उभ्या रेघेवर शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल, आणि प्रत्येक मंडळाचा एक ठिपका. बहुतेक ठिपके मधोमध दाटीवाटीने बसत. एक मात्र दरवर्षी उजव्या कोपऱ्यात तळाशी असायचा, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा. खर्च सगळ्यांत जास्त, निकाल सगळ्यांत कमी. ते डोंगराकडचं मंडळ.

दुरून डोंगर साजरे म्हणतात. खात्याच्या खिडकीतून ते नुसते महाग दिसत. एका वर्गात पाच-सहा मुलं, हिवाळाभर शेगडी पेटती ठेवायची, पुस्तकं पोचवायला गाडीचा निम्मा दिवस जायचा. संचालकसाहेब दरवर्षी त्या ठिपक्यावर पेन्सिल टेकवून म्हणायचे, “नाकापेक्षा मोती जड.” यंदा त्यांनी म्हणण्यावर भागवलं नाही. डोंगरावरच्या लहान शाळा बंद कराव्यात, असा प्रस्ताव समितीपुढे ठेवला. पायथ्याच्या मोठ्या शाळेत मुलांना बसने आणायचं आणि डोंगरावरच्या मास्तरांना शहरातल्या कचेरीत सामावून घ्यायचं.

त्यातल्याच एका शाळेवर ठिपकेबाईंचा दादा मास्तर होता.

आईवडील लवकर गेले. तेव्हा ती इतकी लहान होती की रडायचंही तिला दादाकडे बघून सुचलं. दादानेच तिला वाढवलं. त्याच शाळेत शिकवलं, तिच्या वेण्या घातल्या, त्याही एक वर एक खाली. आठवी झाल्यावर शहरातल्या वसतिगृहात पाठवलं, कारण वर पुढचे वर्ग नावापुरतेच होते. डोंगरावरची हुशार मुलं सगळी अशीच खाली यायची. ती आली ती आलीच. शिकली, नोकरीला लागली, दोन खोल्यांचं घर घेतलं. लग्नाचा योग नव्हता, असं सांगणारे पुष्कळ भेटले, विचारणारं कुणी भेटलं नाही. दादानेही लग्न केलं नाही. शाळेमागच्या खोलीत तो एकटा राहायचा.

दर रविवारी त्याचा फोन यायचा. बरी आहेस ना, बरी आहे, तू? मी काय, मजेत. मग दोघंही आपापल्या टोकाला गप्प बसायची. फोन ठेवल्यावर ती रेडिओ लावायची, ऐकायला नव्हे, घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून. दुसऱ्या खोलीत घडीची खाट भिंतीला टेकवून ठेवलेली होती. घर घेतलं तेव्हा तिने ती घेतली होती, आणि आजवर तिची घडी फारशी मोडलीच नव्हती.

म्हणून प्रस्ताव वाचला तेव्हा तिला आधी आनंद झाला. शरम वाटावी इतका आनंद झाला. शाळा बंद झाली तर दादा शहरात येईल, शहरात आला तर दुसरीकडे कुठे राहील? तिने दुसऱ्या खोलीचे पडदे धुतले. शाळेत मुलं होती हे तिला माहीत होतं, तिला कळत नव्हतं असं नाही. पण पडदे तिने धुतले.

सुनावणी सोमवारी होती. ज्यांच्या शाळा बंद व्हायच्या त्या मास्तरांना दोन शब्द बोलायला बोलावलं होतं. दादा शुक्रवारी संध्याकाळीच येऊन पोचला, दोरीने बांधलेली भली मोठी बॅग घेऊन. जिन्यात त्याला धाप लागली.

एवढं काय आणलंय, शाळाच बांधून आणलीस की काय, असं तिने चेष्टेने विचारलं. वर थंडी असते, सवय आहे, असं काहीसं तो पुटपुटला. खाली थंडी नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. पण चहा उकळून वर आला आणि तो विषय राहिला.

ते दोन दिवस तिच्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. दादा पहाटे उठून केर काढायचा आणि केर काढताना पाढे म्हणायचा. चाळीस वर्षं पोरांपुढे बोलून आवाज मोठा झाला होता, शेजारच्या काकू दार उघडून बघून गेल्या. गळका नळ त्याने घट्ट केला. शनिवारी कुठूनसा हातोडा आणून खाटेच्या डोक्याशी भिंतीत एक खुंटी ठोकली आणि तिच्यावर आपला कोट अडकवला. चार दिवसांच्या पाहुण्याला खुंटी कशाला, हे तिच्या मनात आलं नाही. कोट लटकलेला बघून तिला एवढं बरं वाटलं की बाकी काही मनात यायला जागाच नव्हती. रात्री तिने सवयीने दोन अंडी फोडली, मग हसून आणखी दोन फोडली.

रविवारी दुपारी त्याने ते चित्र बघायला मागितलं. उद्या त्यावरच तर सगळं ठरणार होतं. तिने टेबलावर कागद पसरला. त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला.

“आपण कुठे?”

तिने उजव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तो वाकून बराच वेळ बघत राहिला.

“एकटाच आहे की,” तो म्हणाला. मग त्याची नजर मधल्या गर्दीवरून फिरली, वर गेली, पुन्हा खाली आली. “आणि चिमे, तू कुठे?”

पंचेचाळिशीला टेकलेल्या बाईला चिमी म्हणणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं. ती हसली. हे मंडळांचं चित्र आहे, माणसांचं नाही, असं तिने समजावलं.

“ते कळलं गं. पण तू पास झालीस, पेपरात नाव आलं, ती माझ्या हाताखालून गेलीस ना? तो निकाल कुठे धरला?”

“शहरात. परीक्षा जिथे दिली तिथे धरतात.”

“असं होय,” दादा म्हणाला आणि झाडांना पाणी घालायला गॅलरीत गेला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता. बहीण चित्रात कुठे आहे एवढंच त्याला बघायचं होतं.

ती मात्र कागदासमोर तशीच बसून राहिली. परीक्षा जिथे दिली तिथे निकाल धरायचा, हा नियम तिच्या खुर्चीवर आधी बसणाऱ्या गृहस्थांनी घातला होता आणि तिने तो कधी उलटून पाहिला नव्हता. आठ वर्षं डोंगराने शिकवायचं, त्याचा खर्च डोंगराच्या नावावर लिहायचा, आणि पोर हुशार निघालं की त्याचा निकाल शहराच्या नावावर. मागे राहायची ती ज्यांना खाली येता आलं नाही ती मुलं. त्यांच्यावरून आपण डोंगराची अक्कल मोजत होतो. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तिची गत त्याहून वाईट होती. ती स्वतःच तो कळसा होती.

मुलगा खाली आला की शाळा सोडल्याचा दाखला आणतो. आधीची शाळा कुठली याची नोंद होते आणि ती नोंद इतर आकड्यांबरोबर खात्यात येते. ती नेहमीच येत होती, कुणाला लागली नव्हती इतकंच. मुलाचा निकाल ज्या शाळेत तो सगळ्यांत जास्त वर्षं शिकला तिच्या मंडळाच्या नावावर धरायचा म्हटलं, तर एका दुपारचं काम होतं.

तिने एका दुपारचं काम करायचं की नाही, यातच तिची अर्धी दुपार गेली. गॅलरीत दादा पाण्याचा डबा घेऊन झाडांशीही वर्गात बोलावं तसा बोलत होता. गप्प राहिलं तर हा आवाज घरात राहणार होता. कुणाला काही कळणार नव्हतं. तिला तो ठिपका हलवायचा नव्हता, अगदी मनापासून नव्हता. पण डोंगरावरच्या वर्गात आत्ताही कुणी एखादी चिमी बसली असेल, वाकड्या वेण्यांची, आणि तिला रोज बसमध्ये डुलक्या काढत पायथ्याची शाळा गाठावी लागेल. शिवाय रोज जेवताना दादा समोर बसणार आणि आपण काय करून त्याला इथे आणला हे आपल्याला माहीत असणार. तो घास तिच्या घशाखाली उतरला नसता. तिने दादाला सांगितलं की ऑफिसात थोडं काम राहिलंय, आणि चपला घातल्या.

सोमवारी सकाळी सुनावणीआधी नवं चित्र घेऊन ती साहेबांपुढे उभी राहिली. उजवीकडचा ठिपका उजवीकडेच होता. खर्च तर झालाच होता, तो कुठे जाणार? पण तळातून तो उठला होता आणि शहराच्या ठिपक्याच्या थोडा वरच बसला होता. साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली.

“बाई, तुमचा ठिपका चालायला लागला की.”

तिने नियम सांगितला, त्यातली चूक सांगितली. आणि माझा भाऊ तिथे मास्तर आहे, तेव्हा दुसऱ्या कुणाकडून हे तपासून घ्या, असंही सांगितलं. साहेब चिडले. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची हौस कशाला, म्हणाले. तरी माणूस वाईट नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या दोघांना त्याने बसवलं, त्यांनी वेगवेगळं मोजलं आणि ठिपका दोन्ही वेळा तिथेच आला. सुनावणी दुपारवर गेली. संध्याकाळच्या आत समितीने प्रस्ताव फेटाळला. दादाला बोलायची पाळीच आली नाही. इस्त्रीचा शर्ट घालून तो मागच्या बाकावर बसून होता.

बाहेर येताना लोकांनी तिचं कौतुक केलं. बहिणीने भावाची शाळा वाचवली, बहीण असावी तर अशी, असं शिपायापासून सगळे म्हणाले. ती पायऱ्या उतरत राहिली. दादा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, छान केलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तो निघाला. स्टँडवर बॅग टपावर चढवायची होती, म्हणून तिने एका बाजूने हात लावला. बॅग हलेना. दोर सैल झाला होता आणि झाकणाच्या फटीतून आत काय काय दिसत होतं: जाड पांघरूण, पुस्तकं, आईचा फोटो, जो शाळेमागच्या खोलीतून कधी हलला नव्हता, आणि दाढीच्या सामानाबरोबर त्याचा चहाचा कप.

चार दिवसांसाठी कुणी आईचा फोटो घेऊन निघत नाही.

तिने दादाकडे पाहिलं. तो दोराची गाठ मारत होता आणि ती काही केल्या बसत नव्हती.

“दादा, तू राहायला आला होतास?”

“शाळा बंद झाली असती तर पुन्हा कशाला चढायचं, म्हटलं,” तो गाठीकडे बघत म्हणाला. “वर फार शांत असतं गं. पोरं घरी गेली की फार शांत असतं.”

“मला तू इथे हवा होतास.” तिचा आवाज मोठा आला, बसमधल्या एकदोघांनी वळून पाहिलं. “मी पडदेसुद्धा धुतले होते.”

“मग बोलायचंस.”

“तू तरी बोललास?”

तो हसला. ती हसायला गेली आणि तिला रडू आलं. दादाने खिशातून रुमाल काढून दिला, पोराचं नाक पुसायला देतो तसा. बोलली असतीस तरी तू तेच केलं असतंस, आणि मीही तेच सांगितलं असतं, असं तो म्हणाला. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलीत, ती जातील. कंडक्टरने दार आपटलं. दादाने बॅग एकट्यानेच वर ढकलली.

घरी आल्यावर तिने रेडिओ लावला नाही. खाटेची घडी करायची म्हणून दुसऱ्या खोलीत गेली आणि न करताच परत आली.

रविवारी फोन आला. बरी आहेस ना, बरी आहे, तू? मजेत. मग नेहमीसारखं दोघंही गप्प झाली. तिकडे कुठेतरी दार वाऱ्याने वाजत होतं.

“चिमे,” दादा म्हणाला, “ती खुंटी काढू नकोस.”

काढत नाही, ती म्हणाली. फोन हातात धरूनच ती दुसऱ्या खोलीच्या दारापर्यंत गेली. खुंटी भिंतीत होती आणि तिच्यावर तिने काहीही अडकवलं नव्हतं.