एका विशेषनामाची परीक्षा

शिकवणाऱ्याच्या मनात आकस असला म्हणून विद्या मलिन होत नाही. मात्र घेणाऱ्याला ती जखमेसकट घ्यावी लागते. आणि कुणी एखाद्याच्या मर्यादेचाच फास केला, तर दोष मर्यादेचा नसतो, दोर ओढणाऱ्याचा असतो.

मार्कंड्याजवळच्या एका गावात मनकर्णा ही विधवा सून राहत असे. चांदा जिल्हा मुंबई राज्यात जाऊन तेव्हा वर्ष होत आले होते. चांद्याच्या दवाखान्यात सुईणीचे शिक्षण घ्यावे, ही तिची एकच मनीषा. त्यासाठी जुजबी इंग्रजीची तोंडी परीक्षा द्यावी लागे. इंग्रजी शिकवणारे आणि परीक्षकही होते गावचे मास्तर गुणवंतराव, तिच्या दिवंगत पतीचे थोरले बंधू, म्हणजे तिचे भासरे. सून बाहेर पडली तर भाताच्या रोवणीला हात कोणाचे, आणि लोक काय म्हणतील, हे दोन्ही काटे त्यांच्या मनात रुतले होते.

भासऱ्याशी समोरासमोर बोलायचे नाही, त्याचे वा पतीचे नाव उच्चारायचे नाही, ही तिकडची रीत. म्हणून मनकर्णा पदर पुढे ओढून, चांद्याच्या दवाखान्यातून आलेल्या डॉक्टरीणबाईंकडे पाहत उत्तरे देत होती. तिच्याआधी परीक्षा दिलेली बुधरी बाजूलाच बसली होती.

"कॉमन नाउन?"

"रिव्हर."

"कलेक्टिव्ह?"

"हर्ड."

"मटेरियल? अ‍ॅब्स्ट्रॅक्ट?"

"आयर्न." पदर सावरत ती म्हणाली, "पेशन्स."

"भिंतीले सांगून राह्यली का?" गुणवंतराव गुरकावले. "आता प्रॉपर नाउन."

"वैनगंगा."

"ते तं बुधरीनं सांगतलं. माणसाचं सांग."

"मनकर्णा."

"सोताचं नाव काय, कोणीबी सांगते. नवऱ्याचं सांग!"

बुधरी न राहवून म्हणाली, "गुरुजी, बाईमाणूस नवऱ्याचं नाव कसं घेईन?"

"मंग बसा घरी! माहा भाऊ गेला, आन् हिले चांद्याची हवा लागली."

"मास्तर," डॉक्टरीणबाई कठोरपणे म्हणाल्या, "कोणाचंही नाव चाललं पाहिजे."

"चालन, बाई. पण आपल्या घरच्या माणसाचं. तेवढं सांगू द्या, पास करतो." त्यांना ठाऊक होते की त्या घरात पुरुष म्हणून आता ते एकटेच उरले होते.

मनकर्णाने डोळे मिटले. पतीचे नाव तिच्या ओठांपर्यंत आले, आणि देव्हाऱ्यातली मूर्ती झाकावी तसे तिने ते आत झाकून ठेवले. ते या रागासमोर मांडायचे नव्हते. मग तिने पदर मागे सारला आणि आयुष्यात पहिल्यांदा भासऱ्याच्या डोळ्यांना डोळे भिडवले.

"गुणवंतराव," ती म्हणाली. "प्रॉपर नाउन."

मास्तरांच्या कानशिलावरची शीर तटतटली. बुधरीने तोंडावर हात ठेवला.

"पास," ते अखेर म्हणाले. "पण आजपासून आमच्या घरी तुले पाणी नाई. ऐकलं?"

"ऐकलं, डॉक्टरीणबाई," मनकर्णा म्हणाली. पदर पुन्हा पुढे ओढून तिने नेहमीप्रमाणे दुरूनच, उंबऱ्याला हात लावून, भासऱ्यांना नमस्कार केला. त्यांनी तोंड फिरवले. ती परत न वळता बाईंच्या बैलगाडीत जाऊन बसली.

तिच्या हाती येणारी लेकरे सुखरूप जन्मोत. तिने झाकून ठेवलेले नाव तिच्यापाशी उजळ राहो. आणि तोंड फिरवून उभ्या राहिलेल्या त्या माणसालाही, केव्हातरी, तिला पाणी विचारण्याची बुद्धी होवो.