सुपात सापडलेली चाल

भावसिंगाचा तो आवाज चतुराबाईंच्या कानात अजून तसाच होता, माठातल्या पाण्यासारखा गार आणि बारीक. तेव्हा त्यांच्या लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील. मारुतीच्या पारासमोर सोंगाचा खेळ होता. सोंग म्हणजे गाण्यांनी गच्च भरलेलं गमतीचं नाटक, आणि ते बघायला घरची सून जायची नाही. चतुरा अंगणात भिंतीला पाठ लावून बसली होती. तांड्यावरचा भावसिंग लुगडं नेसून नायिका व्हायचा. त्याचं गाणं वाऱ्यावर बसून घराच्या माळवदावरून खाली आलं:

कणगीत बसला जावई गं, नाकात गेला भुसा,
शिंकावं तर सासरा जागा, न्हाई तर कोंडतो घसा.

चाल तिची होती. शब्दही तिचेच. आपलं लेकरू परक्याच्या दारात दुडदुडताना दिसावं तसं तिला झालं. तिकडं माणसं खो खो हसत होती. मग शेवटचं कडवं आलं. गाणं करणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात घालायचं, अशी रीत. त्याला छाप म्हणतात. भावसिंगानं ती जोरात घेतली: “किसन म्हणे, जावईबापू, बाहेर या की आता.”

किसन म्हणजे किसनराव, तिचा नवरा. ती छाप तिनंच बसवली होती. ‘चतुरा म्हणे’ असं पाराजवळ कुणी गायलं असतं, तर सासूनं तिला माहेरी धाडलं असतं.

किसनराव काही लबाड माणूस नव्हता. नाटकातली बोलणी, कोट्या, भांडणं त्याचीच. पेटीही बरी वाजवायचा. पण चाल त्याला सुचायची नाही. जेवायला बसला की ती भाकरी थापता थापता हळूच म्हणून दाखवायची, आणि तो घास हातात धरून ऐकत राहायचा. जात्रेमागून जात्रा गेली, सोंगामागून सोंग आलं. गावात, शिरड शहापुरातच नाही, पार लांबच्या साखऱ्यापर्यंत ‘किसनरावाची चाल’ म्हणून लोक मान डोलवायचे. एकदा तोच म्हणाला होता, “चतुरे, आपुन म्हातारे झालो की सांगू समद्यायला. तवा कोन काय करनार हाय आपलं?” दोघं हसले होते.

म्हातारपण आलं, पण आधी त्याच्याकडं आलं. पहिल्यांदा चष्मा हरवला, मग रस्ता, मग लेकाचं नाव. आता जेवून हात धुतला की तो विचारायचा, “आज जेवाय न्हाई का?” बायकोला बाई म्हणायचा, अहो-जाहो करायचा. सगळं गळून गेलं, एकच गोष्ट राहिली: चाली मी केल्या. आधी तो तसं लोकांसमोर म्हणायचा. आता त्याला ते खरंच वाटत होतं.

हिंगोलीच्या कॉलेजात संगीत शिकवणारी प्रियंका सकाळच्या गाडीनं आली, ती त्याचं गाणं मोबाइलवर भरून घ्यायला. सून निता हिनं सासऱ्याला धुतलेला सदरा घातला, वर फेटा, आणि वसरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, आणून बसवलं.

“नवरदेव दिसून राहिले मामंजी,” निता म्हणाली. “आत्याबाई, नजर काढा.”

चतुराबाई चहा घेऊन उंबऱ्यापाशी टेकल्या. पोरगी बोलकी होती. मोबाइल नीट लावता लावता सांगत होती, की तिकडं फ्रान्स देशातही अशी हसरी, गाण्यांची नाटकं व्हायची. आणि अशा नाटकांना चाली देणारी एक बाई होती, ती आपल्या कामावर दुसरंच नाव घालायची.

“काहून?” चतुराबाईंनी विचारलं.

“बाईचं नाव बघून लोक आधीच नाक मुरडतील म्हणून, आजी.”

“तिच्या नवऱ्याला ठाऊक व्हतं का?”

प्रियंकानं मान हलवली. “ते काही मला माहीत नाही.” मग किसनरावांकडं वळून म्हणाली, “आजोबा, कणगीच्या गाण्याची चाल कशी सुचली, सांगा ना.”

किसनराव ताठ बसले. डोळे चमकले. “दिवाळी झाली व्हती,” ते म्हणाले. “म्या वसरीत ज्वारी पाखडीत व्हतो. सूप असं वर गेलं का दाणा वर, खाली आलं का फोलपट बाहीर. त्याच्यात एक ठेका सापडला. अन् बांगड्या वाजून राहिल्या…”

निता फिस्सकन हसली. “मामंजी, तुमी कवा सूप धरलं? अन् बांगड्या कोनाच्या?”

प्रियंकालाही हसू आवरेना.

चतुराबाई हसल्या नाहीत. ती वसरी त्यांची होती, ते सूप त्यांचं होतं, हिरव्या बांगड्याही त्यांच्याच. एका रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याला जसं सांगितलं होतं, तसंच, शब्दाला शब्द लावून, ते त्याच्यात जपलं गेलं होतं.

“हसून काहून राहिले?” किसनराव भडकले. “म्याच पाखडीत व्हतो. ऐका.” आणि ते गाऊ लागले. पहिली ओळ आली. दुसरीच्या मध्यावर सूर घसरला. पुन्हा धरली, पुन्हा घसरली. हात मांडीवर ठेका धरून राहिला आणि तोंड उघडंच राहिलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “माझी व्हती,” ते म्हणाले. “आत्ता तर हितंच व्हती.”

आता बोलावं, असं चतुराबाईंना वाटलं. मोबाइल चालू होता, पोरगी समोर होती. एका वाक्याचं काम होतं. पण मग या माणसाजवळ काय उरणार होतं? त्या उठून आत गेल्या आणि दाराआडून, सुनेलाही कधी ऐकू न गेलेल्या आवाजात, दुसरी ओळ म्हणू लागल्या. बाहेर किसनरावांनी ती पकडली. काठी सापडलेल्या आंधळ्यासारखे ते त्या आवाजामागून चालत गेले, पार छापेपर्यंत. किसन म्हणे.

“आजींना पाठ आहे की सगळं,” प्रियंका म्हणाली.

“ऱ्हानारच,” निता म्हणाली. “जन्मभर तेच ऐकलंय.”

निघताना प्रियंका पाया पडली. “आजी, तुम्हाला काही सांगायचंय?”

“न्हाई बाई. संभाळून जा.”

निता तिला फाट्यापर्यंत सोडायला गेली. घरात दोघंच राहिली. चतुराबाईंनी नवऱ्याचा फेटा उतरवला, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं. दुपारचं ऊन वसरीत आलं होतं. किसनराव त्यांच्याकडं पाहत राहिले, पाहुण्या बाईकडं पाहावं तसे.

“बाई, मघाशी आतून कोन गात व्हतं?”

“मी.”

“लई ग्वाड. चाल कोनाची हाय?”

चतुराबाईंनी फडकं खाली ठेवलं. आता काही सांगितलं तरी घडीभरात ते किसनरावांच्या मनातून निसटून जाणार होतं, जेवणासारखं, लेकाच्या नावासारखं. त्यांनी नवऱ्याचा हात आपल्या हातात घेतला.

“माझी,” त्या म्हणाल्या. “ही माझी हाय, अन् तुमच्या समद्या सोंगाच्या चाली म्याच केल्यात.”