कवडीचं माहेरपण

मी कवडी बोलतेय. फुटकी म्हणालात तरी चालेल, कारण माझी पाठ खरोखरच फोडलेली आहे. दोरा ओवायचा तर ती दगडावर घासून उघडी करावीच लागते. तुम्ही माणसं आम्हाला बिनमोलाच्या म्हणता आणि लेकीच्या लग्नात मात्र आमच्यावाचून तुमचं अडतं. असो. रागवायचा माझा स्वभाव नाही, काळजी करायचा आहे.

जन्म माझा समुद्रातला, प्रवाळाच्या खडकातला. तिथून कुणीतरी मला उचललं आणि मिठाच्या गोण्यांबरोबर, बैलाच्या पाठीवरून, लमाणांच्या संगतीनं मी वऱ्हाडात उतरले. धनीबाईच्या आईनं मला पट्ट्यावर शिवलं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर, आणि मागे पाठीवर रुळणारा हा कवड्यांचा पट्टा. आईनं तो लेकीला द्यायचा आणि लेकीनं सासरी न्यायचा. असा तो धनीबाईकडून तिच्या लेकीकडे, सुखीबाईकडे आला, पांढरकवड्याजवळच्या तांड्यात. पाठीवर असल्यामुळे मला पुढचं काही दिसत नाही. जे मागे सुटत जातं तेवढंच दिसतं. मग काळजीखोर होऊ नाही तर काय होऊ?

धनीबाई जग सोडताना सुखीबाईला म्हणाली होती, "पोरी, आपुन बाया माहेरी जातो, येतो. ह्या कवड्या आल्या त्या आल्याच. जमलं तं एक डाव त्यायले त्यायचं माहेर दाखवजो."

ते सुखीबाईनं मनात धरून ठेवलं. पुढे तिच्या लेकीचं, नंदाबाईचं लग्न ठरलं, झरी जामणीकडच्या जंगलातल्या तांड्यात. लग्न माघात होतं. त्याआधी, दिवाळी झाल्यावर, नवरा किसनसिंग बायको-लेकीला घेऊन द्वारकेला निघाला, तेव्हा सुखीबाईनं पट्टा गुपचूप पिशवीत घातला. नंदाबाईनं पाहिलंच आणि आईला टोकलं.

"याडी, हे कायले घेऊन राह्यली? एखादी कवडी पडली तं?"

"नाही पडत."

"सासरचे पट्टा पाह्यतीन ना व. एक जागा रिकामी दिसली तं म्हणतीन, मायनं अर्धवट धाडली पोरीले."

ते ऐकल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला. माझा दोरा जुना होता, घामानं कुजलेला. हे फक्त मलाच ठाऊक होतं आणि सांगायची सोय नव्हती. आगगाडीच्या प्रत्येक हिसक्याला मी मनात म्हणायची, धर बाई, धर.

द्वारकेत कुणीतरी सांगितलं, पलीकडच्या खाडीशी राखीव किनारा आहे, ओहोटी लागली की पायी चालत समुद्रातलं जंगल बघता येतं. किसनसिंगाला नवल वाटलं. वेशीवर घनश्याम नावाचा म्हातारा पहारेकरी होता. त्यानं मोडक्या हिंदीत बजावलं, आतून शिंपला, खडा, काहीही उचलायचं नाही आणि पाणी चढायच्या आत परत फिरायचं. किसनसिंग बायकोच्या कानाशी पुटपुटला, "समुद्रातबी नाकेदार हाय व!" आमच्याकडे जंगलच्या शिपायाला नाकेदार म्हणतात आणि त्याला सगळा तांडा वचकून असतो.

मग आम्ही आत गेलो. काय सांगू! पिशवीच्या तोंडातून मला तो वास आला आणि मी पार हबकले. डबक्याडबक्यांतून प्रवाळ पसरलेलं, कुठे जांभळं, कुठे हळदीच्या रंगाचं, मऊ बोटं पाण्यात हलवणारं. किसनसिंग बघता बघता पुढे गेला. सुखीबाई एका डबक्याशी उकिडवी बसली, तिनं पट्टा काढला आणि अलगद पाण्यात सोडला.

"पाहून घ्या व बायांनो," ती म्हणाली. "हे तुमचं घर."

तिचे डोळे भरले होते. लेक जाणार होती ना! आणि नेमका तेव्हाच माझा दोरा सुटला. मी तळाशी गेले आणि प्रवाळाच्या खोबणीत अडकले.

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं. जवळून माझ्याच जातीची एक जिवंत कवडी सरकत गेली. अंगावर मऊ पदर ओढलेला, पाठ गुळगुळीत. तिनं मला ओळखलं नाही. खडा समजून वळसा घातला. एक लहानसा खेकडा घर शोधत आला, माझ्यात डोकावला, पाठीचं भोक पाहून निघून गेला. माहेरात माझी कुणाला ओळख उरली नव्हती. आणि वर सुखीबाई पट्ट्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होती. मग तिची बोटं रिकाम्या जागेवर थांबली.

"नंदा! एक गेली!"

दोघी पाण्यात हात घालून चाचपडू लागल्या. पाणी आता वाढत होतं. नंदाबाई रडकुंडीला आली. "राहू दे याडी, बुडून जाऊ आपुन." सुखीबाई ऐकेना. अखेर तिच्या बोटांना मी लागले. तिनं मला बाहेर काढलं आणि वर पाहिलं, तर समोर घनश्याम.

"क्या उठाया?"

किसनसिंग धावत आला आणि त्यानं घात केला. नाकेदारासमोर आधी हात जोडायचे, मग काय झालं ते विचारायचं, ही आमच्या तांड्याची रीत. सरपणाच्या मोळीपायी अंगवळणी पडलेली. त्यानं हात जोडले. "चुकलं साहेब! एक डाव माफी करा! बाई मानूस हाय!"

झालं! चोरी कबूलच केली की! घनश्यामनं हात पुढे केला. "रखो इधर."

सुखीबाईनं मूठ आवळली. मी आत गुदमरत होते. आता हा मला घेणार, पट्ट्यावरची जागा रिकामी राहणार आणि ती घेऊन पोर सासरी जाणार. सुखीबाईला हिंदी धड येत नव्हती. घाबरून तिच्या तोंडून घरची गोरबोली निघाली, जी पांढरकवड्याच्या बाजारात कुणाला कळत नाही.

"मारी छ! मारी छ ई!"

म्हाताऱ्यानं मान वर केली आणि आपल्या गुजरातीत विचारलं, "तमारी छे?"

सुखीबाई चमकली. आयुष्यात पहिल्यांदा एका नाकेदाराला तिचं ‘माझी आहे’ समजलं होतं. मग ती थांबेचना. आई, आजी, मिठाचे बैल, नंदाबाईचं लग्न, सगळं सांगून टाकलं. निम्मं तरी त्याला कळलं असावं. नंदाबाईनं पट्टा पुढे धरला. घनश्यामनं मला उलटं केलं, घासलेली पाठ पाहिली, तिच्यात अडकलेला लाल धाग्याचा तुकडा पाहिला. मला रिकाम्या जागेवर ठेवून पाहिलं. मी चपखल बसले.

"आ तो घसेली छे," तो म्हणाला आणि मला सुखीबाईच्या हातावर ठेवलं. "चालो, पाणी आवे छे."

पाणी घोट्याच्या वर आलं होतं. तरी सुखीबाई हलेना. तिनं डबक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"राह्यतं का व बाई इथं?"

तिची बोटं सैल झाली. काय उत्तर द्यावं, ते माझं आजही ठरत नाही. तिनं नंदाबाईकडे पाहिलं आणि मूठ मिटली.

त्याच दिवशी धर्मशाळेच्या ओट्यावर बसून तिनं मला नव्या लाल दोऱ्यानं शिवलं. सात टाके घातले, एकावर एक.

माघात नंदाबाई निघाली. सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली, आमच्या रिवाजाप्रमाणे रडण्यातच गायली. मग बैलबंडीत बसली आणि पुन्हा वळली नाही. मी पाठीवर होते, म्हणून मला मागचं दिसत होतं. सुखीबाई तांड्याच्या तोंडाशी उभी होती. तिची मूठ त्या दिवशीसारखीच घट्ट मिटलेली होती, पण आत मी नव्हते.

या गोष्टीला आता चौथं वर्ष लागलं. पट्टा नंदाबाईच्या सासरी कुडाच्या भिंतीला खुंटीवर टांगलेला असतो. नंदाबाईचं माहेरी जाणं झालेलं नाही. कधी नाल्याला पूर, कधी शेत, कधी अंगावरचं पोर. दुपारी एकटी असली की ती येते आणि त्या सात टाक्यांवर बोट ठेवून उभी राहते. मला फार काळजी वाटते तिची.

बाबांनो, तुमच्यापैकी कुणी पांढरकवड्याच्या बाजूला जाणारं असेल, तर तांड्यात सुखीबाईला एवढं सांगा: शिवण सुटली नाही, पण लेकीला न्यायला ये.