जस्तीचे पोचे

ग्लेनिसने ते मुखपृष्ठ पाहिलं तेव्हा तिच्या हातात चहाचा कप होता. दोन घोटही झाले नव्हते. तिने तो तसाच बेसिनमध्ये ओतला आणि फोन पुन्हा डोळ्यांजवळ नेला, कारण एकदा बघून विश्वास बसेना.

बहरीनच्या राजधानीत, मनामातल्या एका हॉस्पिटलात ती ऑपरेशनची हत्यारं धुऊन, तपासून, निर्जंतुक करायच्या विभागाची सुपरवायझर होती. वसईहून येऊन तेरा वर्षं झाली होती. विभागातल्या मुली तिला घाबरत, कारण कात्रीच्या सांध्यात रक्ताचा कण राहिला तर ती सगळा ट्रे परत धुवायला लावी. पण त्या दिवशी ती ज्या रागाने धुमसत होती तो राग त्यांनी कधी पाहिला नव्हता. हत्यारांचा नव्हताच तो. तो जस्तीचा होता.

जस्ती म्हणजे एका जुन्या मराठी कॉमिकमधली रोबो बाई. गोदीतल्या भंगाराच्या जस्ती पत्र्यांपासून बनवलेली, कपाटासारख्या रुंद खांद्यांची, ओझी उचलायला जन्माला घातलेली. मुकादम एकदा तिला सांगतो, खाली माणसं असली तरी पेटी सोड. ती म्हणते, ‘नाही.’ तिथून तिची गोष्ट सुरू होते. प्रत्येक अंकात ती कुणाला तरी वाचवते आणि तिच्या अंगावर एक नवा पोचा पडतो. तो पोचा पुढच्या अंकात कुणी ठोकून सरळ करत नाही. तो तसाच राहतो. अकराव्या अंकातला कपाळावरचा पोचा कुठून आला हे ग्लेनिसला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं.

तेरा वर्षांची असताना तिच्या मापाचा फ्रॉक शिवायला बसलेली शिंपीणबाई टेप गळ्यात टाकून म्हणाली होती, “पोरगी आहे की कपाट?” आई हसली, मावशी हसली. त्याच महिन्यात वसईजवळच्या पापडी गावातल्या एका रद्दीवाल्याकडे ग्लेनिसला जस्तीचे चार अंक सापडले. पुढचं समजावून सांगायला नको.

आणि आता मुंबईच्या नव्या प्रकाशकाने जस्ती पुन्हा काढली होती. कंबर मुठीत मावेल एवढी. अंगाला काचेची झिलई. केस निळे आणि गुडघ्यापर्यंत. रोबोला केस! पोचा एकही नाही.

कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून ग्लेनिसने पंधरा मिनिटांत लिहून टाकलं. नऊ वर्षांपूर्वी तिने ‘जस्तीची माणसं’ नावाचा ग्रुप सुरू केला होता. त्यात अकरा हजार लोक होते. पुण्याचे, वसईचे, दुबई-मस्कतचे. जुने अंक पानापानाने स्कॅन करून तिनेच तिथे चढवले होते. तिने लिहिलं की ही जस्ती नाही, ही शोकेसमधली बाहुली आहे. लिहिलं की ज्या बाईने आम्हाला ताठ उभं राहायला शिकवलं तिला तुम्ही कमरेत वाकवलंत. आणि शेवटी, हात थांबत नव्हता म्हणून, लिहिलं: ‘ज्या हातांनी हे चितारलं ते हात तोडून टाकायला हवेत.’

शिफ्ट संपेपर्यंत दोन हजार लोकांनी ते पुढे पाठवलं होतं. ग्लेनिसला बरं वाटलं. खोटं कशाला बोलायचं, फार बरं वाटलं.

हे मंगळवारी. गुरुवारी सकाळी नवरा ब्रायन हॉटेलच्या ड्युटीला निघता निघता दारात थांबला.

“हे तुझं वाक्य ना?” त्याने फोन पुढे केला.

वाक्य तिचंच होतं. पण त्याच्या वर एका मुलीचा फोटो होता. गोल चेहऱ्याची, डोक्यावरून ओढणी, कुठल्याशा प्रदर्शनात आपल्या चित्राशेजारी उभी. तिच्या दोन्ही मनगटांवर कुणीतरी लाल रेघ मारली होती. खाली नाव, नाझिश, नव्या जस्तीची चित्रकार. खाली मनामाजवळच्या सनद या वस्तीतला पत्ता, ब्लॉक आणि घर नंबरासकट. खाली तिचा फोन नंबर. आणि त्याखाली शेकडो माणसं. ‘नाव वाचलंत ना? मग कळलंच असेल.’ ‘बहरीनमध्ये आपलं कुणी आहे का? जाऊन भेटा हिला.’ ‘हात कुठला आधी, डावा की उजवा?’

ही मुलगी इथेच राहत होती. गाडीने पंधरा मिनिटांवर.

हे ग्रुपवर टाकलं होतं ओजसने. ओजस पुण्यात राहायचा, ग्रुप सांभाळायला मदत करायचा. ग्लेनिसने त्याला फोन लावला.

“ओजस, ते काढून टाक. आत्ता.”

“का? लोक पेटलेत, ग्लेनिस. प्रकाशक घाबरलाय. दोन दिवसांत माघार घेईल बघ.”

“मुलीचा पत्ता कशाला टाकलास?”

“चित्र काढताना लाज नाही वाटली तिला?” मग तो हसला. “आणि हात तोडायचं तूच लिहिलंस. आम्ही फक्त कुणाचे ते सांगितलं.”

ग्लेनिसने ती पोस्ट स्वतः काढली. तासाभरात ती दुसऱ्या नावाने परत आली. पुन्हा काढली, पुन्हा तीन ठिकाणी उगवली. त्या दिवशी तिने दोन ट्रे चुकीचे भरले. तेरा वर्षांत पहिल्यांदा.

शुक्रवारी दुपारी ती सनदला गेली. पत्ता शोधावा लागला नाही, अकरा हजार लोकांना तो पाठ होता. दार एका पन्नाशीच्या बाईंनी साखळी लावूनच उघडलं. ग्लेनिस मराठी बोलली तशी साखळी निघाली.

“आमचं रत्नागिरीचं,” बाई म्हणाल्या. त्या नाझिशच्या आई, बिल्किस. “तुम्ही तिच्या ऑफिसातल्या का? ये गं बाय, बस. पोरगी दोन दिवस जेवली नाही. फोन बघा नुसता.”

फोन टेबलावर उपडा पडला होता आणि थांबून थांबून थरथरत होता. बिल्किस सरबत करायला आत वळल्या तेवढ्यात नाझिश बाहेर आली. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. फोटोतल्यापेक्षा उंच, भरभक्कम, खांदे दार अडवतील असे. ग्लेनिसने ते खांदे पाहिले आणि तिला पाठ केलेलं बोलणं आठवेना.

“मी ग्लेनिस,” ती म्हणाली. “ते हातांचं वाक्य मी लिहिलं.”

आत पेल्यात चमचा फिरत होता, तो थांबला.

“तुम्ही?” नाझिश म्हणाली. ती मराठी बोले, पण मध्येमध्ये इंग्रजी आणि हिंदी येई. रागात तर जास्तच. “ती ओळ तुमची? आणि तुम्ही माझ्या घरी येऊन बसलात?”

“सॉरी म्हणायला आले. मला माहीत नव्हतं की कुणी...”

“काय माहीत नव्हतं? की चित्र काढणाऱ्याला हात असतात?” तिने टेबलावरचा फोन उचलून ग्लेनिसच्या मांडीवर टाकला. “वाचा. काल एकाने कोयत्याचा फोटो पाठवला. माझ्या अम्मीला फोन करून घाणघाण बोलले. सलमाबादला ज्या साइनबोर्डच्या दुकानात मी काम करते, तिथे कुणीतरी ई-मेल केला, तुमच्याकडची मुलगी परवानगी न घेता बाहेरची कामं करते. मालकाने रविवारी रेसिडेंट कार्ड घेऊन बोलावलंय. व्हिसा त्याचा आहे. त्याने खलास म्हटलं की मी खलास. आणि तुम्ही सॉरी!”

ग्लेनिसने मान खाली घातली नाही. घालावीशी वाटली, पण ते सोपं झालं असतं.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “पण तुला खोटं सांगणार नाही. ते चित्र मला आवडलं नाही. आजही नाही. तिचे पोचे का पुसलेस?”

ती असं विचारेल असं नाझिशला वाटलं नसावं. तिचा आवाज चढला.

“कारण मला जस्ती म्हणायचे! शाळेत. सातवीपासून. एका मुलाकडे त्याच्या बापाचे अंक होते, त्याने वर्गात फिरवले. ‘ही बघा आपली जस्ती.’ मी जिन्यावरून उतरले की बाकं ठोकायचे, पत्रा वाजतोय म्हणून. पाच वर्षं, आंटी! तुमच्यासाठी ती हिरो. माझ्यासाठी ती शिवी होती. मला जेव्हा काम मिळालं तेव्हा मी ठरवलं, एकदा, एकदा तरी ती अशी काढीन की कुणी हसणार नाही. पोचे मी पुसले. माझ्या मर्जीने. केससुद्धा मीच दिले.”

“आणि कंबर?”

नाझिशने तोंड फिरवलं. “कंबर त्यांनी बारीक करायला लावली. दोनदा. मी भांडले. तुम्हाला काय त्याचं?”

बिल्किस दारात उभ्या होत्या, हातात दोन पेले. एक त्यांनी मुलीला दिला. दुसरा तसाच हातात धरून म्हणाल्या, “चित्र आवडलं नाही तर नाही आवडलं म्हणून लिहायचं, बाय. माझ्या पोरीचे हात कशाला?”

दुसरा पेला त्यांनी ग्लेनिसला दिला नाही. तिनेही अपेक्षा केली नव्हती.

घरी येऊन ती कपडे न बदलता लिहायला बसली. स्वतःच्या पूर्ण नावाने, स्वतःच्या फोटोसकट. ते वाक्य मी लिहिलं, ते घाणेरडं होतं. चित्राबद्दल माझं मत तेच आहे, पण त्या मुलीचा पत्ता ज्यांनी ज्यांनी पुढे पाठवला त्यांनी जस्तीचं एक पानही वाचलेलं नाही, कारण खाली माणूस असताना पेटी सोडायची नाही एवढंच त्यात पहिल्या पानापासून सांगितलंय.

मग सुरू झालं. विकली गेली. घाबरली. शेवटी आपल्या जातीवर गेली. कुणी तिचं हॉस्पिटल शोधून काढलं, कुणी तिचा फोटो घेऊन खांद्यांवर गोल काढला आणि लिहिलं, ‘हिला नवी जस्ती का झोंबली ते बघा.’ ते टाकणारा नऊ वर्षांपूर्वीचा, अगदी सुरुवातीचा मेंबर होता. त्याच्या लग्नाच्या दिवशी ग्लेनिसने ग्रुपवर केकचं चित्र टाकलं होतं.

ओजसने मेसेज केला, ‘ग्रुप माझ्या हवाली कर. तुला जमणार नाही आता.’

ग्लेनिसने ग्रुप मिटवला. अकरा हजार माणसं, नऊ वर्षं, स्कॅन केलेली पानं. बटण दाबताना फोन विचारत होता, नक्की? ती मोठ्याने म्हणाली, “हो रे बाबा, नक्की!” आणि ब्रायन स्वयंपाकघरातून धावत आला. ती रडत नव्हती. तिचे दात एवढे घट्ट आवळलेले होते की जबडा दुखत होता.

रविवारी ती रजा टाकून सलमाबादला गेली. नाझिशने बोलावलं नव्हतं. पोस्टमधल्या नंबरावर तिने फोन केला तेव्हा बिल्किसनी दुकानाचं नाव सांगितलं होतं, एवढंच. दुकानात रंगाचा आणि कापलेल्या अ‍ॅक्रिलिकचा वास होता. मालकासमोर नाझिश उभी होती. ग्लेनिसने हिंदीत सांगितलं की ई-मेल कुणाच्या नादाने आला, ग्रुप कुणाचा होता, आग कुणी लावली. मालकाने सगळं ऐकून घेतलं. रोबोशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की तीन दिवस त्याचा फोन वाजतोय आणि त्याच्या व्हिसावरची मुलगी बाहेर काम करते.

“काम राहील,” तो शेवटी म्हणाला. “पण बाहेरचं चित्र मफी. एकही नाही. लिहून दे.”

नाझिशने लिहून दिलं. उभ्या उभ्या, त्याच्याच टेबलावर. बाहेर आल्यावर ग्लेनिस काही बोलायला गेली तर ती म्हणाली, “प्लीज, आंटी. तुम्ही जा.” ग्लेनिस गेली. गाडीत बसून तिने स्टिअरिंगवर तीन-चार बुक्के मारले. शेजारून ट्रकवाला बघत होता तरी मारले.

तीन महिन्यांनी जस्तीचा दुसरा अंक आला. चित्रकार नवा होता, मुंबईचा, पुरुष. कंबर आणखी बारीक झाली होती. जस्तीला आता उंच टाचा होत्या आणि ती लढताना छाती पुढे काढून लढत होती. ओजसने नवा ग्रुप काढला होता. तिथे लोक दोन दिवस कुरकुरले, मग कुणीतरी लिहिलं की रंगसंगती चांगली आहे. त्या चित्रकाराचा फोटो कुणी शोधला नाही. त्याचं घर कुठे, त्याचा मालक कोण, हे अकरा हजारांतल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही. ग्लेनिस खाली खाली वाचत गेली. शेवटपर्यंत वाचलं. एकाचाही हात शिवशिवला नव्हता.

संध्याकाळी तिला एका नंबरावरून फोन आला. नंबर तिने कधी सेव्ह केला नव्हता, पण ओळखला.

“पाहिलंत?” नाझिश म्हणाली.

“पाहिलं.”

“गुडघे उलटे काढलेत त्याने! सरळ उभी राहिली तर पडेल ती. आणि तो मुकादम एवढा देखणा कशाला?”

“मलाही तेच...”

“थांबा. आधी ऐका. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. कळलं ना?”

“कळलं,” ग्लेनिस म्हणाली.

“अम्मीने केलं असेल. मी नाही.”

“बरं.”

पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला.

“मग पान सात उघडा,” नाझिश म्हणाली. “तिथून पुढे तर त्याने कहरच केलाय.”