दुसऱ्यांदा

मैनाबाईंनी तव्यावरची दुसरी भाकर पियुषच्या ताटात टाकली, तर त्यानं ती उचलून टोपल्यात ठेवली.

"नको म्हनलं ना, आई."

पहिल्यांदा नको म्हणायचंच असतं. पाहुण्यानं दोनदा हात आडवा धरावा, घरच्यानं तिसऱ्यांदा वाढावं, ही रीत गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. नऊ वर्षं जर्मनीत राहून हा तेवढं विसरला होता. विसरला कसला, पोळून शहाणा झाला होता. गेल्या गेल्या तिथल्या एका सोबत्यानं त्याला जेवायला बोलावलं. आणखी हवं का, असं विचारलं. पोटात कावळे कोकलत असताना पियुष लाजून नको म्हणाला, अन् आग्रहाची वाट पाहत बसला. सोबत्यानं भांडी उचलली. खोलीवर येऊन यानं कोरडा पाव खाल्ला आणि रडला. आता हे तो हसत सांगत होता. मैनाबाईंना काही हसू आलं नाही.

"तिथं एकदाच इचारतात. बरं असते तेच. मान्साचं ऐकतात तरी."

माजघरात भाव वाढायची वाट पाहणारा कापूस आढ्याला टेकला होता. पियुषचे वडील मारोतराव गेल्यापासून घरात बोलायला माणूस नव्हतं. पुतणी निकिताला हाताशी धरून मैनाबाईंनी गुपचूप पासपोर्ट काढला होता, तो पेटीत लुगड्याच्या घडीत होता. पोरानं विचारण्याआधी दाखवायचा कसा?

परत जर्मनीला जायच्या दोन दिवस आधी बॅग भरता भरता त्यानं विचारलं.

"आई, येतं का माह्यासंग? राहायलेच."

मैनाबाईंचं काळीज सुपाएवढं झालं. पण लगेच हो म्हटलं तर हपापल्यासारखं दिसेल.

"मी कायले येऊ रे? घर कोन पाहीन?"

"बरं. तुही मर्जी. मी जोर नाही करत."

त्यानं बॅगेची चेन ओढली. पुढचे दोन दिवस त्या त्याच्या आगेमागे फिरत राहिल्या. थंडी लय असन तिथं, असंही एकदा म्हणून पाहिलं. लय, एवढंच तो म्हणाला. दिग्रसच्या स्टँडवर एसटी हलेपर्यंत त्यांनी खिडकीचा गज सोडला नाही. पासपोर्ट कमरेच्या पिशवीत होता.

संध्याकाळी शेजारची जमनी विचारपूस करायला आली. चुलीवर चहा उकळत होता.

"चहा घेतं का वं?"

"नाही वो बाई, आताच घेतला."

मैनाबाईंनी एकच कप गाळला. जमनी बराच वेळ तशीच बसून होती.