खिळ्याला बांधलेली अंगठी

कोर्टाचं फाटक अजून उघडायचं होतं, तरी समोरच्या फुटपाथवर पाय ठेवायला जागा नव्हती. घडीच्या खुर्च्या, थर्मास, छत्र्या, मांडीवर वर्तमानपत्रं. खुनाचा खटला ऐकायला आलेत की कुणाच्या लग्नाला, असा प्रश्न पडावा. खटला दाताच्या डॉक्टरचा. त्याची बायको न्हाणीघरातल्या टबात मेलेली सापडली होती. तो म्हणे, पाय घसरला. पोलीस म्हणत होते, घसरली नाही, पाण्याखाली दाबून धरली.

त्या गर्दीच्या मधोमध जमिनीवर पाच फोटो ओळीनं मांडलेले. डॉक्टर, डॉक्टरचा भाऊ, शेजारीण, ड्रायव्हर आणि घरकामाची बाई. फोटोंमागे एक गोरटेला माणूस उभा. पांढरा सदरा, चष्म्याला साखळी, आवाज असा की ऐकणाऱ्याच्या कानाला तेलकटपणा यावा. लोक त्याला लहरीमामा म्हणत.

"मी बुवा नाही, बाबा नाही," मामा सांगत होता. "मी चमत्कार करत नाही. प्रत्येक मेलेल्या जिवाच्या लहरी मागे राहतात. भिंती त्यांना अडवत नाहीत, कागद अडवत नाही. परदेशातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांनी हे आत्ता कुठं मान्य केलंय, मी वीस वर्षं सांगतोय. दोऱ्याला बांधलेली ही अंगठी खुन्याच्या फोटोवर झुलते, आणि ती मी हातातसुद्धा धरणार नाही. म्हणजे कुणी म्हणायला नको की मामानं हलवली. या ताई धरतील."

ताई म्हणजे आमची सूनबाई.

तिनं दोरा चिमटीत धरला. खाली अंगठी लोंबत होती. पहिल्या फोटोवर ती गप्प राहिली. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, चौथ्यावर जराशी थरथरली. पाचव्यावर आली आणि झोके घ्यायला लागली. आधी बारीक, मग चांगले हातभर. गर्दीतून एक लांब सुस्कारा निघाला. मोबाइल वर झाले.

"हात बघा यांचा," माझ्या शेजारची बाई म्हणाली. "जराही हलत नाहीये. तिचा आत्माच तो."

पाचव्या फोटोतली बाई आदल्या संध्याकाळी माझ्या मोरीत भांडी घासत होती.

आता मी तिथं काय करत होते तेही सांगते. आमच्या सूनबाईला मोबाइलवर खुनांच्या गोष्टी ऐकायचं वेड. कपड्यांच्या घड्या घालताना कानात खून, भाजी निवडताना कानात खून. माझ्या घरात जिवंत माणसाला पाणी विचारायला कुणी नाही, पण कुठल्या मेलेल्याच्या पोटात काय सापडलं ते तिला तोंडपाठ. त्यातून हा खटला आमच्याच गावच्या कोर्टात उभा राहिला, मग काय विचारता. पहाटे उठून रांगेत. दूध उतू जातंय, पोरं पावाचा तुकडा तोंडात धरून शाळेत जाताहेत. ही रोज सकाळी कुणासाठी पळते ते एकदा डोळ्यांनी बघावं, म्हणून त्या दिवशी मी बरोबर गेले होते.

आणि मला कळलं. डॉक्टरसाठी. रांगेतल्या निम्म्या बायका त्याच्यावर फिदा. आज निळा शर्ट घातलाय, आज दाढी केलेली नाही, आज वकिलाशी बोलताना डोळे पुसले. "असा माणूस हात तरी उगारेल का?" सूनबाई मला म्हणाली होती. त्याच्या बायकोचं नाव काय होतं ते रांगेत एकीलाही पटकन आठवलं नाही. मी विचारून पाहिलं.

"अगं, ही आपली मावशी," मी गर्दीतून तिचा दंड धरून म्हटलं.

"आई, मी काही केलं नाही," ती म्हणाली. चेहरा असा उजळलेला, जणू दैवी देणगी मिळाली. "अंगठीच गेली."

मावशी डॉक्टरच्या घरी झाडूपोछा करायची आणि आमच्याकडे भांडी. सूनबाई या घरात यायच्या आधीपासून. खटल्यातली तिची साक्ष लहानशी, पण डॉक्टरच्या गळ्याशी येणारी. डॉक्टरचं म्हणणं, बायको मेली त्या सकाळी मी दवाखान्यात होतो. मावशीचं म्हणणं, त्या सकाळी दार त्यांनीच उघडलं, आज काम नाही म्हणून मला परत पाठवलं, आणि त्यांच्या दोन्ही बाह्या दंडापर्यंत ओल्या होत्या. बाकी कुणी त्याला घरात पाहिलेलं नव्हतं. सोमवारी तिला कोर्टात उभं राहायचं होतं.

अंगठीचा तमाशा झाला तो शुक्रवारी. शनिवारी मावशी आली ती मागच्या दारानं. कपाळावर पट्टी. रात्री कुणी तरी तिच्या खिडकीवर दगड घातला होता, काच उडून लागली. तिची लेक एका दुकानात कामाला होती. दुकानदारानं सांगितलं, गिऱ्हाईक बोलतंय, काही दिवस येऊ नकोस.

"मोठ्या बाई, मी सोमवारी साक्ष देत नाही," ती म्हणाली. "सांगते साहेबाला, मला काही आठवत नाही. मला माझी पोर जगवायची आहे."

सूनबाई तिथंच ओट्याला टेकून उभी होती. गप्प राहिली असती तर बरं झालं असतं. पण तिनं तोंड उघडलं.

"मावशी, काही असेल मनात तर बोलून टाका ना. मोकळं वाटतं माणसाला."

मावशीनं तिच्याकडे पाहिलं.

"तुमच्या बाळंतपणात तुमचे कपडे मी धुतले, ताई. तुमचं पोर माझ्या मांडीवर झोपायचं. तेव्हा नाही का तुमची अंगठी हलली?"

मी सुनेला कानाखाली देणार होते. मध्ये माझी धाकटी जाऊ आली. ही जाऊ शाळेत विज्ञान शिकवायची. आता निवृत्त झालीय, पण मास्तरकी गेलेली नाही. आमचं दोघींचं पटत नाही. मीठ जास्त झालं तरी ती कारणासकट समजावून सांगते, आणि मला कारणं नको असतात, मीठ कमी हवं असतं. त्या दिवशी मात्र मी तिला म्हटलं, "धाकटे, तुझी शाळा उघड."

तिनं सुनेच्याच बोटातली अंगठी काढून दोऱ्याला बांधली आणि टेबलावर ताटली ठेवली.

"धर. हलवू नकोस. फक्त मनात म्हण, गोल."

अंगठी जराशानं गोल फिरायला लागली.

"आता मनात म्हण, आडवी."

अंगठी अडखळली, मग आडवी झुलायला लागली.

"मी हलवत नाहीये, काकू. खरंच," सूनबाई म्हणाली.

"ठाऊक आहे. तू खोटं बोलत नाहीस, तेवढीच तुझी बाजू आहे." जावेनं दोरा काढून घेतला. "मनात एखादी गोष्ट आली की बोटं ती ऐकतात. इतकी बारीक हलतात की आपलं आपल्याला कळत नाही, बघणाऱ्यालाही दिसत नाही. दोरा लांब असला की तेच बारीक हलणं खाली मोठं होतं. पाळण्याला वेळेवर नुसतं बोट लावलं तरी तो किती जातो? तसंच. आणि आता हे बघ."

तिनं दोरा भिंतीतल्या खिळ्याला बांधला. अंगठी जराशी झुलली आणि थांबली.

"म्हण आता मनात काय म्हणायचं ते."

आम्ही चौघी अंगठीकडे बघत बसलो. अंगठी ढिम्म.

"खिळ्याला कुणी आवडत नाही आणि कुणी नावडत नाही," जाऊ म्हणाली. "म्हणून."

कुणालाही पटलं असतं. सूनबाई म्हणाली, "घरी नाहीच होणार. तिथं फाटकाशी तिचा आत्मा असतो."

"ठीक आहे," मी म्हटलं. "मग आत्म्यासमोरच करू."

मावशीला सांगितलं, सोमवारी साक्ष दे, नको देऊ, तुझी मर्जी. पण सकाळी लवकर ये आणि समोरच्या चहाच्या टपरीमागे उभी राहा.

सोमवारी गर्दी दुप्पट. मामानं सदऱ्याला इस्त्री केलेली. मी सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"मामा, तुमच्या लहरींना कागद अडवत नाही ना?"

"नाही हो, आजी. कागद काय, भिंतही नाही."

"मग फोटो पालथे असले तर चालेल?"

एवढी माणसं बघताहेत, नाही कसं म्हणेल? हसला. "आत्म्याला डोळे लागत नाहीत, आजी."

जावेनं घरून एकसारखे पाच पुठ्ठे आणले होते, त्यांवर फोटो चिकटवलेले. मामाकडे पाठ करून तिनं ते पिसले आणि पालथे मांडले. कुठला कुठं, हे तिलाही ठाऊक नव्हतं. मी सुनेला म्हटलं, "चल, ताई. धर दोरा."

तिला नाही म्हणता येईना. रांगेतल्या मैत्रिणी ओरडत होत्या, होऊन जाऊ दे. अंगठी पहिल्या पुठ्ठ्यावर गप्प. दुसऱ्यावर गप्प. तिसऱ्यावर थरथरली आणि लागली झुलायला, शुक्रवारपेक्षा जोरात. गर्दी पुढं सरकली. जावेनं पुठ्ठा उलटला.

टक्कल, जाड चष्मा, फोटोसाठी मुद्दाम घातलेला कोट.

"हे कोण?" कुणी तरी विचारलं.

"हे माझे यजमान," मी सांगितलं. "ड्रायव्हरच्या जागी मीच ठेवले. वारले त्याला कैक वर्षं झाली. जिवंतपणी यांच्या हातून डास मरत नव्हता. वर जाऊन बराच सुधारलेला दिसतोय माणूस."

लोक हसले. मामाही हसला. "अविश्वासानं लहरी बिघडतात. असं होतं पहिल्या वेळी."

"मग दुसऱ्या वेळी बघू," जाऊ म्हणाली आणि पुठ्ठे पुन्हा पिसून मांडले.

या वेळी अंगठी चौथ्या पुठ्ठ्यावर गेली. झुलली. जावेनं तो उलटला. डॉक्टर. निळ्या शर्टातला.

"नाही," सूनबाईच्या तोंडून गेलं. "चुकली."

जाऊ वर्गात चुकार पोराला पकडावं तशी वळली. "चुकली? आत्म्याची चुकली? मग बरोबर काय होतं, ते तुला आधीच ठाऊक होतं तर."

आता एवढ्यावर सोडायला हवं होतं, पण मी कुठलं सोडते? टपरीवाल्याच्या छपराच्या खांबाला खिळा होता. त्याला दोरा बांधला आणि एकेक फोटो, तोंड वर करून, अंगठीखाली सरकवला. डॉक्टर, भाऊ, शेजारीण, मावशी, माझे यजमान. जाऊ पुन्हा तिचं बोटांचं आणि पाळण्याचं सांगत होती आणि माणसं, मागची सुद्धा, टाचा उंचावून बघत होती. अंगठी कुणावरही हलली नाही.

"बोला की, मामा," मी म्हटलं. "कुणाच्या लहरी होत्या या?"

मामा पळून जाईल असं मला वाटलं होतं. तो पळाला नाही. चष्मा पुसला, आपले फोटो गोळा केले आणि अगदी प्रेमानं म्हणाला, "आजी, मी कधी कुणाचं नाव घेतलं? एकदा तरी? अंगठी मी हातात धरलीच नव्हती. ती यांच्या हातात होती. ज्यांच्या मनात जे होतं ते खाली आलं. यात माझा काय दोष?"

आणि खरं सांगायचं तर तो माणूस त्या आठवड्यात पहिल्यांदाच खरं बोलत होता.

लोकांनी माना फिरवल्या. मामाकडून सुनेकडे. ज्या बाईनं शुक्रवारी आत्मा पाहिला होता तीच म्हणाली, "काय बाई निर्लज्ज. घरच्या मोलकरणीला फासावर चढवायला निघाली." मागून कुणी तरी म्हणालं, डॉक्टरच्या नादी लागलीय. पुन्हा मोबाइल वर झाले. हीच माणसं, हेच हात, आता दुसरा चेहरा टिपत होते. दगड कुणी घातला होता, ते त्यांतल्या एकालाही आठवत नव्हतं.

सूनबाई माझ्याकडे बघत होती. मी मध्ये पडले नाही.

तेवढ्यात टपरीमागून मावशी पुढं आली. तिच्यासाठी वाट झाली, कुणाला सांगावं लागलं नाही. तिनं खाली वाकून स्वतःचा फोटो उचलला. त्यावर कुणाचा तरी बूट पडला होता. पदरानं पुसला, पिशवीत ठेवला आणि फाटकातून आत गेली.

मी सुनेच्या हातातला, रांगेत मिळालेला आत बसायचा पास काढून घेतला आणि मागोमाग गेले. खुर्च्या कडक होत्या, पण मी शेवटपर्यंत बसले. मावशीनं ओल्या बाह्यांचं सांगितलं, तेवढंच सांगितलं, वर एक शब्द नाही. डॉक्टरच्या वकिलानं विचारलं, "सगळं गाव तुमच्याकडे बोट दाखवतंय, हे खरं ना?"

"दोरा ज्यांच्या हातात होता त्यांना विचारा, साहेब," ती म्हणाली. न्यायाधीशांनी वकिलाला पुढचा प्रश्न विचारायला सांगितलं. त्या दिवशी प्रथमच मी डॉक्टरकडे नीट बघितलं. तो आपल्या बाह्यांकडे बघत होता.

मावशी आमच्याकडे परत आली नाही. मी स्वतः तिच्या दारात गेले होते. तिनं चहा दिला, पाणी दिलं, आणि म्हणाली, "मोठ्या बाई, तुम्ही चांगलं केलंत. पण त्या घरात आता माझे हात चालणार नाहीत." खिडकीला काच नव्हती, पुठ्ठा लावला होता.

भांडी आता सूनबाई घासते. कानात काही घालत नाही. मामा दुसऱ्या कुठल्या तरी कोर्टाच्या फाटकाशी उभा असेल. मरणाला कुठं तोटा आहे, आणि रांगेला तरी कुठं. डॉक्टरचं काय करायचं ते न्यायाधीश साक्षीपुराव्यावर ठरवतील, वेळ लागेल तो लागू दे.

अंगठी मी तिला परत दिली. दोरा मात्र स्वयंपाकघरातल्या त्याच खिळ्याला तसाच ठेवलाय, येताजाता दिसावा म्हणून. तुम्हालाही कुणी कधी गोड बोलून असला दोरा हातात दिला, आणि तो तुमच्या मनातल्याच माणसाकडे निघाला, तर हुरळू नका. घरी या, भिंतीत एक खिळा ठोका आणि दोरा त्याला बांधून बघा. मग कुणाचं नाव घ्यायचं ते घ्या.