ते नाव कुणी सांगितलेच नाही

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. माझ्या जाळीला पोचा पडला आहे आणि मानेला काळी चिकटपट्टी गुंडाळली आहे. ईस्ट क्लेटन या काळ्या लोकांच्या वस्तीतल्या चर्चच्या तळघरात, एका बंद कपाटात मी पडून असतो.

एके काळी माझा रुबाब होता. चर्चच्या बायकांनी कितीतरी शुक्रवार मासे तळून विकले आणि मला आणले. रविवारी गाणारे माझ्यासमोर उभे राहत आणि शेजारी ऑर्गनवर ऑल्टन टब्स बसे. आठवडाभर तो बसगाड्या दुरुस्त करायचा. नखांतले काळे तेल कधी पुरते निघत नसे. पण त्याची बोटे फिरू लागली की म्हातारी माणसेसुद्धा उठून टाळ्या वाजवीत. त्याची आई व्हर्लीन पहिल्या ओळीतून ओरडे, "वाजव माझ्या राजा, वाजव!"

एका बुधवारी संध्याकाळी तालीम संपवून ऑल्टन घरी निघाला. गाडीचा मागचा दिवा बंद आहे म्हणून पोलिसांनी त्याला अडवले. "साहेब, दिवा तर चालू आहे," एवढेच तो म्हणाला. त्यांनी त्याला ओढून रस्त्यावर पालथे पाडले आणि एकाने त्याच्या उजव्या हातावर बूट रोवला. दोन बोटे पुन्हा सरळ झाली नाहीत. वर त्यानेच अंगावर येण्याचा प्रयत्न केला असा गुन्हा नोंदवला गेला. दिवा चालूच होता, मित्रांनो. मागून येणाऱ्या तीन माणसांनी तो पाहिला होता.

वस्ती खवळली तेव्हा आमच्या तळघरात पोलीस आणि लोक यांची बैठक बोलावली गेली. जिन्यावरही माणसे उभी होती. समोर वर्दीतले गोरे अधिकारी बसले होते. त्यांचे प्रमुख कॅप्टन हॅडली म्हणाले, "आज आपण नवी सुरुवात करतोय. आम्ही ऐकायला आलोय."

प्रत्येकाला दोन मिनिटे, असे ठरले. चर्चचे पर्व्हिसकाका घड्याळ घेऊन बसले.

न्हावी गेन्स उठला. "कॅप्टनसाहेब, आमच्या पोरांचे दिवे बरे तुम्हाला लांबून दिसतात! गोऱ्यांच्या वस्तीतून जाताना डोळे मिटून जाता काय?"

लोक हसले. एक तरुण शिपाई बुटांकडे पाहत राहिला.

मग व्हर्लीनने मला हातात घेतले. "माझ्या ऑल्टनचा हात ज्यानं मोडला, त्याचं नाव मला हवंय. तो अजून आमच्याच रस्त्यावर फिरतो का, तेही सांगा."

"बाई, वेळ झाली," पर्व्हिसकाका हळूच म्हणाले.

"माझ्या लेकाचा हात मोडायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत, पर्व्हिस. सांगायला मात्र पुरत नाहीत!"

"चौकशी चालू आहे, मॅडम," कॅप्टन म्हणाले.

मला वाटले, आवाज मोठा करणे हे माझे काम. मी ते नीट केले की यांना ऐकू जाईल. किती खुळा होतो मी!

दर महिन्याला बैठक होत राहिली. तीन कॅप्टन बदलले. नवा येई तो नवी सुरुवात करी आणि व्हर्लीन तोच प्रश्न विचारी. गेन्स यायचा थांबला. "दुकानात बसलो तर निदान कुणाचे केस तरी कापले जातात," तो म्हणे.

सातव्या वर्षी नऊ माणसे उरली. एका बैठकीत व्हर्लीन बोलत असताना कॅप्टन टेबलाखाली फोन पाहत होता. मागे बसलेला ऑल्टन उठला. सात वर्षांत तो तिथे एक शब्द बोलला नव्हता. सगळे माना वळवून पाहू लागले. त्याने डाव्या हाताने मला आईकडून काढून घेतले, पण बोलला तो तिच्याशीच.

"आई, माझं नाव तू यांना इतक्यांदा सांगितलंस, की यांना ते पाठ झालंय. पाठ झालेलं मनाला लागत नाही गं. चल घरी."

"माझी दोन मिनिटं व्हायचीत अजून."

"राहू दे."

मायलेक जिना चढून गेली. ती पुन्हा आली नाहीत.

पुढच्या महिन्यात कुणीच आले नाही. कॅप्टनने रिकाम्या खुर्च्यांसमोर कागदावर लिहून घेतले: एकही तक्रार नाही, लोकांचा विश्वास वाढला. पर्व्हिसकाकांनी खुर्च्या मिटल्या, माझी तार गुंडाळली आणि मला कपाटात ठेवले. ते नाव मला आजही ठाऊक नाही.

मित्रांनो, मला बाहेर काढा, पुसा, असे मी म्हणत नाही. एवढेच करा. कुणी आपले दुःख दुसऱ्यांदा सांगायला आले, तर 'हे ऐकलंय आम्ही' असे म्हणू नका. तिथवर पुन्हा चालत येताना त्या माणसाचे काय काय खर्ची पडलेले असते, ते मी अगदी जवळून ऐकले आहे.